कंबर धरून बसू नका



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गुडघे आणि शुगर यांच्या खालोखाल विचारणा असते ती कंबरेची. पत्र मालेगावचे असो की महाडचे, मजकूर साधारण सारखाच असतो. कंबर कित्येक महिन्यांपासून दुखते आहे, एक्स-रे झाला, एमआरआय झाला, ‘मणक्यात गॅप आहे’ असे कळले, पट्टा आणला, गोळ्या झाल्या, शेकून झाले. आणि शेवटी प्रश्न असतो तो असा : आता आम्ही काय काय करायचे नाही? वाकायचे नाही का? खाली बसायचे नाही का? नातवाला उचलायचे नाही का? सजदा सोडून खुर्चीवरच नमाज पढायची का?

या महिन्यात आम्ही हा प्रश्न उलटा करून घेतो आहोत. दुखऱ्या कंबरेने काय करावे, ते पाहू. उत्तर थोडक्यात असे आहे : बहुतेक कंबरदुखीला सोसेल इतकी हालचाल हवी असते, ती नियमाने हवी असते, आणि ती चार जणांत मिळून केली तर टिकते. म्हणून आम्ही आज औषधाविषयी कमी आणि हलक्या व्यायामाच्या वर्गाविषयी जास्त लिहिणार आहोत.

दुखणे कोणाचे?

जगभरात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल असा अभ्यासकांचा अंदाज आहे. माणसाला जिवंतपणी अपंगत्वाची वर्षे काढायला लावणाऱ्या आजारांत कंबरदुखीचा क्रमांक पहिला लागतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तिचे प्रमाण अधिक आहे.

पण आपल्याला आकड्यांची गरज नाही, आपले मोहल्ले पुरेसे आहेत. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर बारा बारा तास उभा राहणारा कामगार, शिलाई मशीनवर वाकलेला टेलर, जरीकामाच्या अड्ड्यावर मांडी घालून बसणारा कारागीर, खड्ड्यांतून रिक्षा हाकणारा चालक, घरात पाण्याचे हंडे, कपड्यांची बादली आणि कडेवरचे मूल सांभाळणारी आई. पहिल्या बाळंतपणापासून कंबर दुखते आहे असे सांगणाऱ्या आणि त्याला पंधरा वर्षे झाली तरी कोणालाही न दाखवलेल्या बहिणी आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत.

यात वेदनेइतकेच नुकसान करते ती भीती. ‘माझ्या कंबरेत गॅप आहे’ हे वाक्य घरातल्या बाईच्या मनात एकदा बसले की तिचे जग आक्रसू लागते. आधी ओझे उचलणे सुटते, मग जिना, मग माहेरचा प्रवास, मग नातेवाइकांच्या लग्नात जाणे. कामगाराचे तसेच. रोजी बुडते म्हणून तो गोळी खाऊन कामावर जातो, आणि घरी आल्यावर कंबर मोडेल या भीतीने दगडासारखा पडून राहतो. अशा पडून राहण्याने कंबर वाचत नाही, कमजोर होते.

मणका काचेचा नाही

कंबरेच्या भागात पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक चिवट, लवचिक चकती असते. या सगळ्यांना धरून ठेवणारे स्नायू आणि पट्टे पाठीत, पोटात आणि नितंबांत असतात. एखाद्या तंबूचा मधला खांब चारी बाजूंच्या दोरांनी ताठ राहतो, तसा हा मणका स्नायूंच्या जोरावर उभा असतो. दोर सैल पडले की सगळा भार खांबावर येतो.

मोठ्या माणसाच्या चकतीत स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतात. आजूबाजूच्या भागातून झिरपून येणाऱ्या पोषणावर ती जगते. दिवसभर एकाच स्थितीत बसणे किंवा दिवसभर पडून राहणे, दोन्ही तिच्या हिताचे नाही. आलटून पालटून दाब येणे आणि दाब सुटणे, म्हणजे हालचाल, तिला मानवते.

आता त्या ‘गॅप’विषयी. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३ हजारांहून अधिक लोकांचे एमआरआय आणि सीटी स्कॅन पाहिले गेले. विशीतल्या ३७ टक्के निरोगी लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. पन्नाशीत हे प्रमाण ८० टक्के होते आणि ऐंशीत ९६ टक्के. म्हणजे चकतीची झीज ही बऱ्याचदा केस पांढरे होण्यासारखी गोष्ट असते. रिपोर्टमध्ये ती लिहिलेली असते, पण दुखण्याचे कारण तीच असेल असे नाही. दहापैकी जवळपास नऊ रुग्णांच्या कंबरदुखीमागे कोणताही एक ठरावीक गंभीर आजार सापडत नाही. हे ऐकून काहींना वाटते, डॉक्टरांना कळले नाही. खरे तर ही चांगली बातमी आहे. आत काही मोडलेले नाही, आणि कंबर पुन्हा कामाला लावता येते.

पडून राहण्याचा हिशेब

आपल्याकडे कंबर धरली की पहिला सल्ला मिळतो : फळीवर झोपा, हलू नका. या सल्ल्याची परीक्षा फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात झाली आणि तिचा निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाला. तेथील महापालिकेच्या नोकरीतल्या, नुकतीच कंबर धरलेल्या १८६ जणांचे तीन गट केले. एका गटाला दोन दिवस अंथरुणात झोपवले. दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले. तिसऱ्याला सांगितले, सोसेल तितके आपले रोजचे काम करत राहा. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट. सर्वांत हळू सुधारला तो झोपून राहणारा.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. कंबर धरल्याच्या पहिल्या काही दिवसांत खास व्यायामाच्या मागे लागू नये, आणि अंथरूणही धरू नये. घरात फिरावे, वुजू करावे, हलकी कामे करावीत, बसून कंटाळा आला की उठावे. तीव्र कळ ओसरू लागली आणि तरीही आठवड्यामागून आठवडे दुखणे रेंगाळू लागले, की व्यायामाच्या वर्गाची वेळ येते.

यॉर्कचा वर्ग

अशा वर्गाचा एक चांगला नमुना इंग्लंडमधल्या यॉर्कचा आहे. फिजिओथेरपिस्ट जेनिफर क्लाबर मॉफेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. चार आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत कंबर दुखत असलेले १८ ते ६० वयाचे १८७ लोक त्यांनी घेतले. निम्म्या लोकांवर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांचे उपचार चालू ठेवले. बाकीच्यांना एका तासाचा वर्ग दिला, चार आठवड्यांत एकूण आठ वर्ग.

वर्गात कोणतेही महागडे यंत्र नव्हते. हातपाय सैल करणे, ताण देणे, पोट-पाठीच्या स्नायूंना जोर आणणे, शेवटी शांत पडून शरीर सैल सोडणे. फिजिओथेरपिस्ट समोर उभी राहून करून दाखवायची आणि प्रत्येकाला त्याच्या कुवतीप्रमाणे करू द्यायची. मुख्य शिकवण ही होती की हालचालीने थोडे दुखले म्हणजे इजा झाली असे नाही.

सहा आठवड्यांनी पाहिले तेव्हा दोन गटांत फार मोठा फरक नव्हता. वर्षभराने पाहिले तेव्हा वर्गातले लोक रोजच्या कामात स्पष्टपणे पुढे होते. त्यांच्या गटाचे वर्षभरात कंबरदुखीमुळे बुडालेले कामाचे दिवस ३७८ होते, दुसऱ्या गटाचे ६०७. आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. सुरुवातीला प्रत्येकाला विचारले होते की तुम्हाला वर्ग आवडेल का. ज्यांनी नाही म्हटले होते, त्यांनाही वर्गाचा तितकाच फायदा झाला. तेव्हा घरातली वडीलधारी मंडळी ‘आमच्याने असले काही व्हायचे नाही’ म्हणत असतील, तर त्यांना एकदा हाताला धरून न्यायला हरकत नाही.

कोणता व्यायाम चांगला, यावर बराच वाद चालतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २२८ लोकांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींना योगाचे बारा आठवडी वर्ग दिले, काहींना साध्या ताणाच्या व्यायामाचे तितकेच वर्ग दिले, आणि काहींच्या हातात कंबरदुखीवरचे पुस्तक दिले. योगाचा वर्ग आणि साध्या ताणाचा वर्ग यांचा गुण सारखाच आला. पुस्तक दोघांच्याही मागे राहिले. म्हणजे वर्गाच्या पाटीवर काय लिहिले आहे यावर वाद घालत बसण्याचे कारण नाही. शरीर हळूहळू हलले पाहिजे, ताणले पाहिजे, आणि आठवडेच्या आठवडे हे चालू राहिले पाहिजे. एखाद्या बहिणीला एखाद्या नावाचा संकोच वाटत असेल तर तिने साधे ताणाचे व्यायाम करावेत. कंबरेला तेवढे पुरते.

परत दुखू नये म्हणून

कंबरदुखीची खोड अशी की ती जाते आणि परत येते. म्हणून बरे झाल्यावरचे दिवस महत्त्वाचे. २०१६ साली ३० हजारांहून अधिक लोकांवरील २१ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. व्यायाम आणि त्यासोबत कंबरेविषयी योग्य माहिती, या जोडीने पुन्हा दुखणे उद्भवण्याचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाला. नुसत्या व्यायामाने सुमारे ३५ टक्क्यांनी. नुसत्या माहितीने काही झाले नाही. पट्ट्यानेही नाही, आणि चपलेत घालायच्या खास गाद्यांनीही नाही.

ऑस्ट्रेलियात नुकत्याच कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ लोकांवर एक अभ्यास झाला, तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात फक्त चालणे होते. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत पोचायचे. जे चालले त्यांची कंबर पुन्हा दुखायला साधारण २०८ दिवस लागले. जे चालले नाहीत त्यांची ११२ दिवसांत. चालायला पैसे लागत नाहीत. आपल्या दाट वस्तीत जागा मात्र शोधावी लागते. फजरनंतर रस्ता मोकळा असतो. शाळेचे मैदान संध्याकाळी रिकामे असते. इमारतीची गच्चीही चालते.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी आपली पहिली मार्गदर्शक सूचना काढली. तिच्यात व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांना जागा आहे. कंबरेचा पट्टा आणि वजन लावून कंबर ओढण्याचे ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात वापरू नये, असे तिच्यात म्हटले आहे. कपाटात दोन-दोन पट्टे ठेवणाऱ्या घरांनी याचा जरूर विचार करावा.

कागद नको, वर्ग का?

दवाखान्यातून व्यायामाच्या चित्रांचा कागद पुष्कळांना मिळतो. तो फ्रिजवर चिकटवला जातो, आठ दिवस व्यायाम होतो, मग पाहुणे येतात, मुलाची परीक्षा येते, रमजान येतो आणि कागद पिवळा पडतो. यात कोणाचा आळस आहे असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या घरात बाईला स्वतःच्या शरीरासाठी वीस मिनिटे दार बंद करून घेणेच अवघड असते. सासूला चहा हवा असतो, कोणीतरी बेल वाजवते. पण ‘मंगळवारी आणि शुक्रवारी असरनंतर क्लास आहे’ असे एकदा ठरले की ती वेळ तिची होते. घरही हळूहळू ती मानते.

वर्गाचा दुसरा फायदा भीतीशी संबंधित आहे. आपल्याच वयाची, आपल्यासारखीच कंबर असलेली शेजारीण महिन्याभरापूर्वी खाली बसू शकत नव्हती आणि आज बसते आहे, हे डोळ्यांनी दिसते. असा धीर कोणत्याही रिपोर्टने येत नाही. तिसरी गोष्ट, चूक होत असेल तर समोरचा लगेच सांगतो.

मोहल्ल्यात असा वर्ग सुरू करायला फार काही लागत नाही. दुपारनंतर रिकामी असलेली मदरशाची किंवा शाळेची खोली, जमातीचा हॉल, किंवा एखाद्याच्या घरची ऐसपैस बैठक. आठ ते बारा माणसे पुरेत. सतरंज्या आणि दोन-चार मजबूत खुर्च्या. पहिल्या काही वेळा जवळच्या फिजिओथेरपिस्टला बोलवावे, प्रत्येकाची कंबर तिच्याकडून तपासून घ्यावी, आणि फी सगळ्यांनी वाटून घ्यावी. आपल्याच मुली आता फिजिओथेरपी शिकत आहेत, त्यांना या कामात आणावे. बहिणींचा वर्ग वेगळा, पडद्याची सोय असलेला आणि शिकवणारी बाई असलेला असावा, म्हणजे बुरखा बाजूला ठेवून सैल सलवार-कमीजमध्ये मोकळेपणाने हालचाल करता येईल. पुरुषांचा वर्ग फजरनंतर किंवा इशानंतर, कारखान्याच्या पाळीप्रमाणे ठेवता येईल.

एक नियम मात्र सुरुवातीलाच सर्वांना सांगावा. इथे स्पर्धा नाही. विशीतली सून जेवढी वाकते तेवढे साठीच्या सासूने वाकायचे नाही.

वर्गात काय करावे

जेवणानंतर किमान दोन तास जाऊ द्यावेत. एकूण वेळ चाळीस मिनिटे. प्रत्येक प्रकार आधी पाच वेळा, जमू लागले की दहा वेळा. श्वास कुठेही रोखून धरायचा नाही.

१. पाच मिनिटे जागच्या जागी चालणे, खांदे गोल फिरवणे, हात वर नेणे.

२. पाठीवर झोपावे, गुडघे वाकवून तळपाय जमिनीवर ठेवावेत. पोट हलकेच आत घेऊन कंबरेखालची पोकळी जमिनीला टेकवावी. पाच आकडे मोजून सोडावे.

३. तसेच झोपून एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे ओढावा, मग दुसरा.

४. दोन्ही गुडघे जोडून सावकाश उजवीकडे झुकवावेत, मध्ये आणावेत, डावीकडे झुकवावेत. खांदे जमिनीवरच राहू द्यावेत.

५. तळपायांवर जोर देऊन नितंब थोडे वर उचलावेत, तीन आकडे थांबून खाली आणावेत. नितंबांचे आणि पाठीचे स्नायू यातून बळकट होतात.

६. हात आणि गुडघे टेकून ओणवे व्हावे. मांजर अंग ताणते तशी पाठ वर गोल करावी, मग अलगद खाली सोडावी.

७. त्याच स्थितीत उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करावा. मग दुसरी बाजू. तोल जात असेल तर सुरुवातीला फक्त पाय.

८. खुर्चीच्या कडेवर बसून हाताचा आधार न घेता उठावे आणि सावकाश बसावे.

९. भिंतीला तळहात टेकून एक पाय मागे नेऊन पोटरी ताणावी.

शेवटी पाच मिनिटे पाठीवर, गुडघ्यांखाली उशी घेऊन, डोळे मिटून शांत पडावे.

ज्यांना जमिनीवर बसणे अजिबात जमत नाही त्यांनी पहिला, आठवा आणि नववा प्रकार करून सुरुवात करावी. व्यायाम करताना थोडे ताणल्यासारखे, थोडे दुखल्यासारखे होणारच. ते दुसऱ्या दिवसापर्यंत शांत झाले तर ठीक. दुसऱ्या दिवशीही आधीपेक्षा जास्त दुखत असेल, तर वर्ग सोडू नये, संख्या निम्मी करावी. एखाद्या हालचालीने कळ पायात खालपर्यंत उतरत असेल तर ती हालचाल थांबवून फिजिओथेरपिस्टला विचारावे.

नमाज आणि खुर्ची

नमाज ही इबादत आहे. तिला व्यायाम म्हणून मोजणे आम्हाला योग्य वाटत नाही, आणि पाच वेळा नमाज होते म्हणून वेगळ्या व्यायामाची गरज नाही असे समजणेही बरोबर नाही. पण उभे राहणे, झुकणे, जमिनीवर जाणे, बसणे आणि पुन्हा उठणे ही कंबरेला हवी असलेलीच हालचाल आहे, हे खरे. रुकू आणि सजद्यात जाताना घाई केली की झटका बसतो. सावकाश गेले, आधी गुडघे वाकवले, उठताना हाताचा आधार घेतला, तर दुखऱ्या कंबरेलाही पुष्कळदा जमते.

ज्याला खरोखर शक्य नाही त्याला दीनने बसून नमाज अदा करण्याची सवलत दिली आहे, आणि ती कधी घ्यावी हे आपल्या आलिमांना विचारावे. आमचे म्हणणे आरोग्यापुरते आहे. दुखणे दोन आठवड्यांचे आणि खुर्ची दहा वर्षांची, असे पुष्कळांचे होते. एकदा जमिनीवर बसणे सुटले की मांड्यांची ताकद जाते, आणि मग खरोखरच उठता येत नाही. वर्गातला आठवा प्रकार नेमका यासाठी आहे. ज्या बहिणीने सजदा केवळ भीतीने सोडला असेल, तिला तो इन्शाअल्लाह परत मिळू शकतो. आमच्या दृष्टीने वर्ग काढण्याला एवढे एक कारण पुरेसे आहे.

रमजानमध्ये वर्ग बंद करू नये, हलका करावा. इफ्तारनंतर थोड्या वेळाने वीस मिनिटे पुष्कळ झाली.

वर्गाबाहेरचे तास

आठवड्यातले दोन तास वर्गाचे, बाकीचे आपले. शिलाईच्या किंवा जरीच्या कामावर अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन मिनिटे चालावे. मागावर उभे राहताना एक पाय आळीपाळीने विटेवर किंवा पाटावर ठेवावा. हंडा किंवा मूल उचलताना ते अंगाजवळ घ्यावे, गुडघे वाकवावेत, आणि उचलताना अंग पिळू नये. एका मोठ्या हंड्याऐवजी दोन खेपा कराव्यात. रोटीचे पीठ मळताना परात जमिनीवरून ओट्यावर आणावी किंवा थोडा वेळ बसून, थोडा वेळ उभे राहून काम करावे. आणि घरातल्या पुरुषांनी हंडा आणि बादली हे आपलेही काम मानावे. हा सल्ला कोणत्याही पट्ट्यापेक्षा गुणकारी आहे.

आधी डॉक्टर, मग वर्ग

काही कंबरदुखी वेगळी असते. पुढीलपैकी काही असेल तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवावे :

लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, लघवी अडकणे, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पाय लुळा पडत जाणे. यात एक दिवसही थांबू नये, थेट मोठ्या रुग्णालयात जावे.

संध्याकाळी ताप, वजन घटणे, रात्री झोपमोड करणारे आणि आराम करूनही न थांबणारे दुखणे. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग अजून आढळतो. त्याची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेत उपचार झाले तर तो बरा होतो.

पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, वयस्कर स्त्रियांत तर साध्या पडण्यानंतरही. पूर्वी कॅन्सर झालेला असणे. बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असणे.

कंबरेसोबत मांड्या आणि हाडेही ठणकत असतील आणि जिना चढताना पायांत जोर वाटत नसेल, तर ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेविषयीही विचारावे. ऊन अंगावर न येणाऱ्या घरांत ही तक्रार दिसते. गरोदर बहिणींनी आणि नुकत्याच बाळंत झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच वर्गात यावे.

बाकी सर्वांसाठी आमची एकच विनंती आहे. हा अंक वाचून झाल्यावर शेजारच्या चार घरांत तो द्या, आणि त्याच वेळी विचारा, तुमच्याकडे कोणाची कंबर दुखते? आठ नावे व्हायला वेळ लागणार नाही. खोली शोधा, वार ठरवा, फिजिओथेरपिस्टला निरोप पाठवा. पहिल्या महिन्यात फार फरक दिसला नाही तरी थांबू नका. यॉर्कच्या लोकांना खरा फायदा वर्षभराने दिसला होता.

ज्या मोहल्ल्यात वर्ग सुरू होईल त्यांनी आम्हाला जरूर कळवावे, म्हणजे इतरांना सांगता येईल. पुढील अंकात गुडघेदुखीविषयी लिहू. अल्लाह आपणा सर्वांना सेहत आणि ताकद देवो. आमीन.